ओवीच्या आधीची ओवी: एक स्पूल, एक लूप आणि माझं चुकलेलं प्रकरण

कागद कसा वाचायचा हे आपल्याला शिकवतात. शाई कुठली, कागद कुठला, मोडीचं वळण कोणत्या काळातलं, तारीख मागाहून घातलीय का, हे सगळं एम. ए. ला कधी ना कधी कानावरून जातं. ध्वनी कसा वाचायचा हे मात्र कुणी शिकवत नाही. पेट झाली, सिनॉप्सिस मंजूर झाला, तुम्ही साधनं गोळा करायला निघालात, आणि एखाद्या घरातून कुणी कॅसेट किंवा स्पूल हातात ठेवला, की आपण काय करतो? डिजिटल करून घेतो, हेडफोन लावतो आणि ऐकलेलं लिहून काढतो. मीही तेच केलं. त्यातून बावीस पानांचं एक प्रकरण उभं राहिलं आणि ते जवळजवळ सगळं चुकीचं होतं. ते कसं कळलं आणि त्यासाठी मला इतिहासाच्या कपाटातून उठून मॉड्युलर सिंथेसायझरपर्यंत का जावं लागलं, ते सांगते.

गारखेडा म्हटलं की आज तुमच्या डोळ्यांपुढे सूतगिरणी चौक, क्रीडा संकुल आणि क्लासच्या पाट्या येतील. पण ते मुळात गाव. शहर वाढत आलं आणि गाव त्यात मुरलं. तिथल्या एका जुन्या घरात मला सात इंची स्पूल मिळाला. घरातल्या आजींच्या ओव्या, १९७० च्या दशकात घरच्याच रेकॉर्डरवर घरच्याच कुणीतरी भरून घेतलेल्या. जातं नाही, साथ नाही, नुसता आवाज. एक ओवी झाली की आजी थांबतात, मग दुसरी सुरू करतात.

त्या थांबण्यातच सगळी गंमत होती. आजी गप्प असताना मागून अगदी हलक्या आवाजात कुणीतरी पुढच्या ओवीचे पहिले शब्द म्हणतं. मग आजी तेच शब्द मोठ्याने गातात. जवळजवळ प्रत्येक ओवीच्या आधी.

आता तुम्हीच सांगा, काय वाटेल? मला वाटलं, मागे दुसरी बाई बसलीय आणि ती ओवी सुचवतेय. ओव्यांवर काम करणाऱ्याला हे सोन्यासारखं. ओवी एकटीची नसते, ती बायकांच्या सामायिक स्मरणातून येते, हे आपण नेहमी लिहितो. इथे तर पुरावा कानाला ऐकू येत होता. शिवाय स्पूलच्या सुरुवातीला ती बाई आजींच्या पाच-साडेपाच सेकंद आधी बोलायची आणि शेवटाकडे दोनच सेकंद आधी. मी लिहिलं की गाणारी आणि सुचवणारी यांची लय हळूहळू जुळत गेली. वाक्य छान होतं. चर्चासत्रात त्याला दादही मिळाली.

माझ्या गाईड मॅडमनी ते ऐकलं आणि एकच विचारलं, "अगं, ही सुचवणारी कधीच चुकत कशी नाही?" मी परत ऐकायला बसले. एके ठिकाणी आजी ओवीच्या मध्येच खोकतात. त्याच्या आधी, बरोबर तेवढ्याच अंतरावर, ती दुसरी बाईही खोकलेली होती.

खोकला काही कुणी सुचवत नाही.

इथून पुढे मला कळेना की नेमकं काय शोधायचं. प्रतिध्वनी म्हणावा, तर तो मूळ आवाजाच्या नंतर येतो. आधी येणारा प्रतिध्वनी कुणी ऐकलाय? तेव्हा मी ठरवलं की आधी आवाजाची पुनरावृत्ती माणसाने यंत्राने कशी करायला घेतली याचा इतिहास नीट वाचायचा. कारण प्रत्येक यंत्राची आवृत्ती वेगळी असते आणि ती आपली खूण मागे ठेवते. मोडीतल्या कारकुनाच्या हातासारखंच आहे हे.

सुरुवात पॅरिसपासून करावी लागते. १९४८ मध्ये फ्रेंच रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफरने तबकडीचा एक खाचेचा फेरा स्वतःलाच जोडून बंद केला. सुई पुढे सरकेना, तोच तुकडा फिरत राहिला. गवयाची तान रेकॉर्डवर अडकलेली आपल्या आजोबांनीही ऐकली असेल. फरक इतकाच की ते सुई उचलायचे आणि शेफर ऐकत बसला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर असा तुकडा किती लांबीचा? ६० भागिले ७८, म्हणजे पाऊण सेकंदाहून किंचित जास्त. याच शेफरने घंटेच्या आवाजातला पहिला ठोका कापून टाकला, तर उरलेली घंटा बासरीसारखी वाटायला लागली. आवाज कुणाचा हे आपण बऱ्याच अंशी त्याच्या सुरुवातीवरून ओळखतो, हे त्यातून दिसलं. माझ्या प्रकरणाशी याचा थेट संबंध आहे, त्याकडे येतेच.

मग टेप आली आणि हे सगळं सोपं झालं. टेपचा तुकडा कापा, दोन्ही टोकं चिकटवा, वेटोळं यंत्रावर चढवा. सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने दहा सेकंदांचं लूप हवं तर ३ मीटर ८० सेंटिमीटर टेप लागते, म्हणून स्टुडिओत ती टेप माइकच्या स्टँडला वळसे घालून खोलीभर फिरवत. प्रतिध्वनीही टेपमधूनच निघाला. रेकॉर्ड करणारं हेड आणि वाजवणारं हेड यांत समजा ५ सेंटिमीटर अंतर आहे आणि टेपचा वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर आहे. तर भरलेला आवाज पाव सेकंदाने परत ऐकू येईल. तो परत रेकॉर्डिंग हेडकडे पाठवला की पुन्हा, पुन्हा, पुन्हा. प्रत्येक फेरीत आवाजाचे दहापैकी सात हिस्से उरत असतील तर साधारण वीस फेऱ्यांत तो मूळच्या हजाराव्या हिश्शावर येतो. दहापैकी दहा उरले तर तो थांबतच नाही, आणि दहाहून थोडं जास्त झालं तर यंत्र ओरडायला लागतं. अमेरिकन संगीतकार टेरी रायली, जे पुढे पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले, त्यांनी १९६० च्या दशकात दोन टेपरेकॉर्डर लांब ठेवून एकच टेप दोन्हींतून नेली. दोन मीटर अंतर धरा. मघाच्याच वेगाने उत्तर यायला दहा सेकंद.

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडे मॉड्युलर सिंथेसायझर कुठे होता, याचं उत्तर मला अहमदाबादला मिळालं, आणि खरं सांगायचं तर या शोधात माझा सगळ्यात जास्त जीव तिथे अडकला.

पालडीची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, एनआयडी, १९६१ ची. तिच्यामागे गौतम आणि गिरा साराभाई. त्यांची बहीण गीता साराभाई पखवाज वाजवत. त्या १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या तेव्हा जॉन केज या संगीतकाराला त्यांनी भारतीय संगीत शिकवलं आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या. या ओळखीच्या धाग्याने १९६९ मध्ये केजचा सहकारी, पियानोवादक डेव्हिड ट्यूडर अहमदाबादला आला आणि एनआयडीत मूग सिंथेसायझर उभा राहिला. रॉबर्ट मूगचं हे यंत्र म्हणजे आजच्यासारखा कीबोर्ड नव्हे. आवाज निर्माण करणारा डबा वेगळा, गाळणारा वेगळा, लहानमोठा करणारा वेगळा. ते एकमेकांना वायरींनी जोडायचे. विजेचा दाब एक व्होल्टने वाढवला की सूर बरोबर एक सप्तक वर जातो, हा त्याचा मूळ नियम. वायर काढली की ती जुळणी संपली. तिची आठवण फक्त टेपवर, शेजारी ठेवलेल्या रेकॉर्डरमध्ये.

१९६९ ते १९७२ या काळात तिथे गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी काम केलं. जोशीपुरा तर तेव्हा वास्तुकलेचे विद्यार्थी. तिथल्या एका रचनेच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'एकदा मी तानपुरा वाजवला' असा होतो, दुसरीच्या नावात २००१ साल आणि अंतराळयान आहे. १९७० च्या ओसाका प्रदर्शनासाठी केलेलं ध्वनिमुद्रणही त्यात आहे. मग स्टुडिओ थांबला आणि टेप संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताला त्या २०१७ मध्ये तिथे सापडल्या. २०२० मध्ये बीबीसीवर त्यांचा कार्यक्रम झाला, २०२३ मध्ये निवडक रचनांचा संग्रह निघाला. मधली पंचेचाळीस वर्षं भारतीय संगीताच्या इतिहासात या खोलीला जवळजवळ जागाच नव्हती.

आता संशोधक म्हणून बघा. इथे लेखी स्वरलिपी मुख्य साधन नाही. यंत्राची जुळणी उरलेली नाही. टेप हेच साधन, आणि टेप ही फक्त पेटी नाही. ती स्वतः त्या संगीतातलं एक वाद्य होती. मग टेपवर ऐकू येणारा एखादा प्रतिध्वनी संगीतकाराने घातलेला की खोलीचा की पन्नास वर्षं गुंडाळून ठेवल्याने आलेला, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अहमदाबादच्या टेपबाबत हा प्रश्न विचारताना मला एकदम गारखेड्याचा स्पूल दिसला.

थोडं विषयांतर करते, पण ते टाळवत नाही. मुंबईचे चरणजित सिंग, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं वाजवलेले, यांनी १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी दहा रागांची एक तबकडी केली. ललित, भूपाली, यमन, मालकंस. खाली डिस्कोचा ठेका, आणि सगळं रोलंड कंपनीच्या तीन यंत्रांवर. त्यातलं एक टीबी-३०३, ज्यात लहानसा सुरावटीचा तुकडा भरून ठेवला की तो फिरत राहतो आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरताही येतं. मींडेच्या सवयीच्या कानाला ते आवडलं नसतं तरच नवल. तबकडी विस्मरणात गेली. २००२ मध्ये एडो बाऊमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत मिळाली, २०१० मध्ये पुन्हा निघाली, आणि जगभर बोलबाला झाला की शिकागोत १९८७ च्या सुमारास गाजलेलं ॲसिड हाउस खरं मुंबईत आधी जन्मलं. काहींना तर ती तबकडी बनावटच वाटली. बनावट नाही हे दाखवायला मूळ तबकडी आणि यंत्रांच्या निर्मितीचा काळ पुरे आहेत; टीबी-३०३ बाजारात आलं १९८१ च्या अखेरीस. पण 'जन्म' सिद्ध करायचा तर शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकली होती हे दाखवावं लागेल, आणि तशी साखळी कुणी दाखवलेली नाही. एकच यंत्र दोन शहरांत पोचलं आणि दोघांनी ते आपापल्या कानाने वळवलं, एवढंच म्हणता येतं. मला ते पुरेसं मोठं वाटतं. "आद्य", "पहिला", "जनक" हे शब्द सिनॉप्सिसमध्ये लिहिताना तुमचाही हात सैल सुटत असेल, म्हणून सांगितलं. माझी 'सुचवणारी बाई' त्याच लोभाची.

तर आता परत स्पूलकडे. माझ्याकडे खरा मॉड्युलर सिंथेसायझर नाही. त्याच्या किमतीत वर्षाची फेलोशिप जाईल. पण व्हीसीव्ही रॅक नावाचा कार्यक्रम संगणकावर फुकट चालतो आणि त्यात तेच डबे, त्याच वायरी पडद्यावर ओढता येतात. त्यातला लूप करणारा सॅम्पलर घेतला. सॅम्पलर म्हणजे टेपच्या वेटोळ्याची संगणकातली आवृत्ती. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने स्मृतीत लिहिले जातात. एक काटा लिहीत जातो, दुसरा वाचत जातो, शेवट आला की परत पहिल्या घरात. दहा सेकंदांचे ४ लाख ४१ हजार नमुने. जुन्या यंत्रातली दोन हेड म्हणजेच हे दोन काटे. वाचणारा काटा लिहिणाऱ्याच्या मागे ठेवला की इको, एकाच तुकड्यात फिरवला की लूप.

पहिल्या सॅम्पलरमध्ये मी ती हलकी कुजबुज भरली, दुसऱ्यात आजींची तीच ओळ, आणि दोन्ही एकदम फिरवल्या. मग शेफरची घंटा आठवून दोन्हींचा पहिला अर्धा सेकंद कापला. कारण 'ही वेगळी बाई आहे' असं मला वाटत होतं ते शब्दांच्या सुरुवातीवरून. कुजबुजीत सुरुवातीची धार बोथट होती. धार दोन्हीकडची काढल्यावर काय राहिलं? तोच कंप, तीच 'ळ' वरची किंचित घसरण, तोच श्वास. दोन बहिणीसुद्धा इतकं सारखं गात नाहीत. एकाच गळ्याचा तोच एक क्षण दोनदा होता.

पुढचं काम मोजमापाचं. सॅम्पलरमध्ये तुकड्याची लांबी अचूक दिसते, त्यामुळे स्पूलच्या सहा ठिकाणी कुजबूज आणि ओवी यांतलं अंतर मोजलं. सुरुवातीला ५.३ सेकंद, मग उतरत उतरत शेवटाकडे २. आता संशयित एकेक करून तपासा.

खोलीचा प्रतिध्वनी? विजापूरच्या गोल घुमटाला शाळेच्या सहलीत टाळी वाजवली असेल. घुमट आतून सुमारे ३८ मीटर रुंद. समोरच्या भिंतीवरून टाळी परत यायला ७६ मीटर, म्हणजे ०.२२ सेकंद. पाच सेकंदांसाठी साडेआठशे मीटर दूर भिंत लागेल, गारखेड्यातल्या घरात ती कुठली आणणार! शिवाय भिंत आधी बोलत नाही.

इकोचं यंत्र? त्याचंही उत्तर मागाहूनच येतं आणि अंतर सगळीकडे सारखं राहतं.

तबकडीवरून उतरवलेली टेप? तबकडीत शेजारच्या खाचेचा दाब पडून पुढचा आवाज आधी हलका ऐकू येतो, हे खरं आहे. पण तो बरोबर एका फेऱ्याने आधी येतो. ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्यांच्या तबकडीवर १.८ सेकंद, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत तेवढाच. माझं अंतर बदलत होतं.

राहिली टेप स्वतःच. गुंडाळलेल्या टेपचा प्रत्येक थर शेजारच्या थराला चिकटून असतो आणि त्यावरचं चुंबकत्व थोडंसं शेजारच्या थरावर उमटतं. ओल्या शाईची वही मिटली की समोरच्या पानावर अक्षरं उमटतात ना, तसं. उष्णतेने ते वाढतं, आणि हा स्पूल मराठवाड्याचे कितीतरी उन्हाळे माळ्यावर होता. ठसा शेजारच्या थरावर, म्हणजे बरोबर एका वेढ्याच्या अंतरावर पडतो. घरगुती रेकॉर्डरचा वेग सेकंदाला ९.५ सेंटिमीटर. बाहेरच्या वेढ्याची त्रिज्या ८ सेंटिमीटर धरली तर परीघ ५० सेंटिमीटर, म्हणजे ५.३ सेकंद. आतल्या, ३ सेंटिमीटर त्रिज्येच्या वेढ्याला १९ सेंटिमीटर, म्हणजे २ सेकंद. आकडे बसले. ठसा पुढच्या आणि मागच्या दोन्ही थरांवर पडतो. पण घरातली माणसं टेप ऐकून झाली की परत गुंडाळून ठेवतात, आणि तशी ठेवलेल्या टेपवर आधी येणारा ठसा जास्त ठळक असतो. नंतरचा आजींच्या चालू गाण्याखाली झाकला जात होता.

म्हणजे गाणाऱ्या आणि सुचवणाऱ्या बाईची 'जुळत गेलेली लय' ही स्पूलची कमी होत जाणारी त्रिज्या होती. त्या रात्री मी हसले की रडले ते नको विचारू.

तरी एक शंका उरली होती, म्हणून उलट बाजूनेही करून पाहिलं. स्पूलमधलाच एक स्वच्छ तुकडा घेतला, तो दोन वाटांनी सोडला. एका वाटेवर आवाज अगदी कमी करून, फिल्टरने धार मारून तसाच बाहेर काढला. दुसऱ्या वाटेवर पूर्ण आवाज, पण पाच सेकंद उशिरा. प्रतिध्वनी आधी आणता येत नाही. मूळ आवाजच मागे ढकलावा लागतो. वाजवलं, आणि हेडफोनमध्ये मागे बसलेली बाई हजर. मीच तयार केलेली, तरी अंगावर काटा आला.

तुमच्या हातात असा स्पूल आला तर दोन गोष्टी व्यवहाराच्या. टेप मजबूत असेल तर वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि मागे गुंडाळून घ्यायला सांगा, ठसा थोडा फिका होतो. कुरकुरीत झाली असेल तर हात लावू नका, जाणकाराकडे न्या. आणि काम झाल्यावर ती वाजून संपते तशीच, शेवट बाहेर ठेवून, ठेवा. मग ठळक ठसा नंतर येतो आणि गाण्याखाली झाकला जातो. आवाज 'स्वच्छ' करून देणाऱ्या प्रतीवर विसंबू नका. माझी खूण अशा सफाईत पुसली गेली असती आणि चूक मात्र छापून आली असती.

बावीस पानांची आता चार झालीत. पण ती चार राहिली कशी, तेही सांगते. सगळी कुजबूज मोजून काढली तेव्हा तीन ठिकाणी हिशेब बसेना. तिथे अंतर वेढ्याशी जुळत नाही, धार बोथट नाही, आणि शब्दही वेगळे आहेत. एका जागी आजी ओळ विसरतात आणि मागून कुणीतरी, घाईने, भावाचं नाव घेतं. आजी ते नाव घेऊन ओवी पुरी करतात. आवाज बाईचा आहे, आजींपेक्षा तरुण आहे. पुढच्या महिन्यात मी त्या घरी पुन्हा जाणार आहे, हे तीन तुकडे फोनवर घेऊन.